मनस्वीचं पुडकं

माझ्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात जवळा-कोलंबी लागली नाही असा एक चमचा दाखवा, मी हरले. चिडून बोलतेय असं समजू नका. म्हणजे चिडलेलीच आहे, पण बोलतेय ते खरं आहे. चटणीत जवळा, वांग्यात कोलंबी, वालात कोलंबी, आणि काहीच नसलं तरी तव्याला आदल्या दिवशीच्या सुकटीचा वास. सारसोळ्यातलं घर, सासूबाईंनी अर्धं आयुष्य नेरुळच्या बाजारात मासळी विकलेली. त्यात वावगं काय? काहीच नाही. मी कराडची, लग्नाआधी मटणापलीकडे माझी उडी नव्हती, पण या घरात येऊन मीसुद्धा बोटं चाटायला शिकले.

प्रश्न माझा नव्हता, माझ्या मुलीचा होता.

मनस्वी चार वर्षांची असताना आम्ही सासूबाईंच्या बहिणीकडे हळदीला गेलो होतो. मांडवात कुणीतरी लाडाने तिला कोलंबीचा घास भरवला. एकच घास. थोड्या वेळाने बघते तर पोरीचे ओठ सुजलेले, डोळ्यांच्या फटी झालेल्या, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजतेय. माझ्या नवऱ्याने, रूपेशने, तिला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला. इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे रंग परतला. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "या वेळी वेळेत आलात. पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही. कोलंबी, जवळा, खेकडा, सगळं बंद. त्याचा रस्सासुद्धा नको."

सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन मीठ-मोहऱ्यांनी पोरीची दृष्ट काढली. म्हणाल्या, "मांडवात काय थोड्या बाया होत्या? कुनाची तरी नजर लागली. आपल्या घरातलं मानूस कवा कोलंबीनं आजारी पडलंय का?"

तेव्हापासून मी धास्तावलेली. घरात एकच तवा, एकच कढई, एकच पळी. वेगळी भांडी आणली तर ती दोन दिवसांत सरमिसळ व्हायची. सासूबाईंना त्यात काही वाटायचंच नाही, "धुतलंय की गो," म्हणायच्या. मी रबाळ्याला एका कारखान्यात डिस्पॅचला. सकाळी निघायचं, घरी यायला दिवेलागण उलटून जायची. मनस्वीला संध्याकाळचं जेवायला सासूबाईच वाढायच्या. ऑफिसात बसून चलनं फाडता फाडता माझं अर्धं चित्त सारसोळ्यातल्या गॅसवर असायचं.

मग सत्त्याण्णव साली वाशीच्या दुकानात मला तो फॉइलचा रोल दिसला. आमच्या साहेबांच्या डब्यात पोळ्या गुंडाळलेल्या असायच्या तोच चकचकीत कागद. दुकानदार म्हणाला, "ताई, यात भाजी घालून बंद करा आणि तव्यावर ठेवा, आतल्या आत शिजते." माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत काय आहे ते आतच राहणार, बाहेरचं आत जाणार नाही. मला तरी आणखी काय हवं होतं!

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटेच सगळ्यांची पुडकी बांधायला लागले. मनस्वीचं आधी, हात स्वच्छ धुऊन. बटाट्याच्या पातळ चकत्या, मटार, गाजर, कधी पनीर, वर लोण्याचा गोळा, मीठ, मिरपूड. कागदाच्या दोन्ही कडा एकमेकींवर दोनदा दुमडायच्या, टोकं पिळायची, आणि वर नखाने "म" काढायचा. मग रूपेशचे बोंबील, मग सासूबाईंची कोलंबी. सगळी पुडकी फ्रिजमध्ये. संध्याकाळी सासूबाईंनी जाड तवा तापवायचा, पुडकी मांडायची, वर परात उपडी घालायची, की झालं जेवण. पोळ्या मी सकाळीच करून ठेवायची.

सासूबाई आधी हसल्या. "चांदीच्या कागदात जेवन? मिठाय हाय का ती?" पण एकदा त्यांनी आपलं पुडकं उघडलं, आतली वाफ तोंडावर घेतली आणि म्हणाल्या, "माजी आय केलीच्या पानात बांदून मासली भाजायची, तसंच लागतंय." मग त्याच शेजारणींना बोलावून दाखवायला लागल्या. मला वाटलं, जिंकले मी. चार वर्षांत पहिल्यांदा ऑफिसात बसून डबा चवीने खाल्ला. मूर्ख बाई!

डिसेंबरचे दिवस होते. मनस्वी तिसरीत, शाळेच्या गॅदरिंगची तयारी चाललेली. त्या दिवशी रंगीत तालीम होती, मुलांनी संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन यायचं, साडेसातला सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि मग तालीम पुढे. मी सासूबाईंना सकाळी बजावलं होतं, "आई, म लिहिलेलं पुडकं. तव्यावरून काढलं की तसंच बंद डब्यात घालायचं. उघडायचं नाही." त्या म्हणाल्या, "व्हय गो बाय. मना काय अक्कल नाय?"

त्या दिवशी मी जरा लवकर सुटले. घरी आले तेव्हा सात वाजून गेले होते. मनस्वी शाळेच्या रिक्षातून गेलेली, रूपेश सेकंड शिफ्टला, सासूबाई पुढच्या ओटीवर शेंगा सोलत बसलेल्या. चहा टाकला, गाळणीतली पावडर टाकायला कचऱ्याच्या डब्याचं झाकण काढलं.

वरच फॉइलचा एक चुरगळलेला तुकडा. फाटलेला. मी तो सहज उचलला आणि उलगडला. त्यावर "म" होता.

हे फॉइल एकदा दुमडून उघडलं की फाटतं, परत त्याच घडीत बसत नाही. म्हणजे कुणीतरी माझं पुडकं उघडलं होतं आणि आतलं नव्या कागदात बांधलं होतं. मी तो तुकडा पालथा केला. एक मटार चिकटलेला. आणि त्याच्याशेजारी कोलंबीचं शेपूट.

मी ओटीवर कशी पोचले, आठवत नाही. तो कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "आई, हे काय आहे?"

सासूबाईंनी वर बघितलं. घाबरल्या नाहीत. उलट हसल्या. ते हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"कललं का तुला? आज रातच्याला सांगनारच व्हतं. पोरीला कोलंबी चालते गो!"

"काय?"

"महिना होत आला, रोज चिमूटभर जवला घालतंय तिच्या पुडक्यात. आदी चिमूट, मग दोन चिमट्या. पोर खातंय, खेलतंय, काय नाय होत. मी रोज इचारतं, खाल्लंस का गो? हा आजी, खाल्लं. म्हून आज आक्खी कोलंबी घातली. चांगली टपोरी, पाच-सा."



"अहो, डॉक्टर काय म्हणाले होते? मरेल ती!"

"मरल कशी?" आता त्यांचाही आवाज चढला. "सवय लावल्याबिगर कसं व्हईल? उद्या पोर मोठी व्हईल, लग्न व्हईल, आपल्याच मान्सांत जाईल. कुनाच्या घरात कोलंबी नाय? कोन तिला येगली पुडकी बांदून देनार हाय? तुजा कागद कुटवर पुरल गो?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे त्यांनाही भीतीच वाटत होती, माझ्याइतकीच, फक्त वेगळ्या दिशेची. पण ते मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी काही त्यांना कुरवाळत बसले नसते. मी ओरडले, "माझ्या पोरीला काही झालं ना, तर तुमचं तोंड बघणार नाही!" आणि चप्पल न घालता धावले.

कोपऱ्यावर नंदकुमारचा एसटीडी बूथ. त्याला शाळेचा नंबर लावायला सांगितला. घंटी वाजतेय, वाजतेय, कुणी उचलत नाही. ऑफिस बंद झालेलं, सगळे मागे मैदानात असणार. भिंतीवरच्या घड्याळात साडेसातला थोडीच मिनिटं उरली होती. "नंदूभाऊ, स्कूटर काढ. मनूच्या डब्यात कोलंबी गेलीय." त्याला हळदीतला किस्सा माहीत होता. त्याने बूथ तसाच उघडा टाकला.

आणि स्कूटर चालू होईना. किक मारतोय, मारतोय. मग त्याने ती एका अंगावर कलती केली, पुन्हा किक. माझ्या मनात एकच चित्र. मनूने डबा उघडला. मनूने पुडकं उघडलं. तिला भूक लागलीय, संध्याकाळपासून नाचतेय. "अरे लवकर रे, लवकर!" मी त्याच्या पाठीवर बुक्की मारली. बिचारा किक मारत राहिला. शेवटी ती फुरफुरली आणि आम्ही निघालो.

सारसोळ्याहून शाळा काही लांब नाही. रोज रिक्षा जाते, पाच मिनिटं म्हणायची. पण त्या संध्याकाळी तो रस्ता संपेना. मी सगळ्या देवांना हाका मारल्या. आमच्या कराडच्या कृष्णामाईला, इथल्या गावदेवीला, ज्याचं नाव आठवेल त्याला. चिमूटभर चाललं असेल, पण पाच-सहा कोलंब्या? डॉक्टरांचे शब्द कानात नुसते आपटत होते. एवढा वेळ मिळेलच असं नाही. पर्समध्ये मी कायम डॉक्टरांनी दिलेली गोळी ठेवायची, पण पर्स घरी ओट्यावर राहिली होती. वाटेत एक दवाखाना लागला, तो उघडा आहे एवढं मी बघून ठेवलं.

शाळेच्या मैदानात ट्यूबलाइटा लावलेल्या. मुलं गोल करून बसलेली, मध्ये डबेच डबे. नाचाचे कपडे, गजरे, तोंडं रंगवलेली. सगळ्या पोरी सारख्याच दिसत होत्या. "मनू! मनस्वी!" मी किंचाळले. बाई धावत आल्या, "काय झालं हो?" मी त्यांना ढकलूनच दिलं म्हणा ना.

ती गोलात नव्हती.

नळाच्या बाजूला, भिंतीला टेकून ती एकटीच बसली होती. मांडीवर डबा. डब्यात फॉइल उघडं पडलेलं, आणि आत काहीही नाही. पुसून घेतल्यासारखं रिकामं. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं. ओठ लालभडक. गाल लाल. मी खालीच बसले. "मनू, जीभ दाखव! श्वास घे! घे मोठा! नंदूभाऊ, उचल हिला, दवाखान्यात चल!"

"मम्मी, दुखतंय," ती म्हणाली. "मम्मी, ती लिपस्टिक आहे."

मी अंगठ्याने तिचा ओठ पुसला. रंग अंगठ्याला आला. खालचा ओठ आपला नेहमीचा होता, बारीक. गालाचाही रंग निघाला. छातीला कान लावला, शिट्टी नव्हती, नुसतं धडधडत होतं. तिचं की माझं, कुणास ठाऊक.

"किती खाल्लंस? खरं सांग. कधी खाल्लंस?"

"नाही खाल्लं."

"खोटं बोलू नकोस! डबा रिकामा आहे!"

मी तिला गदागदा हलवलं. बाजूला मुलं जमा झाली होती. ती रडायला लागली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या पलीकडून मांजरांचा गुरगुराट येत होता. मी उठून वाकून बघितलं. बटाटे, मटार आणि टपोऱ्या गुलाबी कोलंब्या मातीत पडलेल्या, आणि दोन बोके त्यावर तुटून पडलेले.

मग माझा बांध फुटला. बाईंसमोर, नंदकुमारसमोर, सगळ्या पोरांसमोर मी ढसाढसा रडले. लाज कसली त्यात.

परत येताना आम्ही चालत आलो. नंदकुमारला म्हटलं, तू हो पुढे. रस्त्यात मनस्वीने सगळं सांगितलं, थांबत थांबत.

"पहिल्या दिवशीच मला वास आला. जीभ लावली तर खाज आली. मग मी नाही खाल्लं."

"मग रोज काय करायचीस?"

"मागच्या ओट्यावर बसायचे ना जेवायला. तिकडे मांजरं येतात."

"नुसता जवळा काढून टाकायचास?"

"नाही, सगळंच. सगळ्याला लागलेलं असतं. तूच म्हणतेस, रस्सापण नको."

"आणि तू काय खायचीस?"

"पोळी."

"नुसती?"

तिने मान हलवली. आठ वर्षांची पोर, महिनाभर कोरडी पोळी खाऊन झोपत होती, आणि मी ऑफिसात चवीने डबा खात होते. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू आजीला ओरडली असतीस. आणि आजी रोज विचारायची, खाल्लंस का. मी हो म्हटलं की ती इतकी खूश व्हायची! मग मी रोज हो म्हणायचे." थोडं चालून म्हणाली, "तू तिला सांगू नकोस ना. ती रडेल."

घराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. शेंगांचं सूप तसंच ओटीवर पडलेलं, केस विस्कटलेले. नंदकुमारने त्यांना पोर बरी आहे एवढंच सांगितलं असावं. मनूला बघताच त्या खाली बसल्या आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत चाचपून बघितलं. मग विचारलं, हळूच.

"खाल्लंस ना गो?"

मनूने माझ्याकडे बघितलं नाही. "हो आजी. खाल्लं."

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "बग! बग वैदेही! आक्खी कोलंबी खाल्ली, काय जालं का? उगा पोरीला चार वर्सं उपाशी ठेवलीस. उद्यापासनं मी तिला नीट ताटात वाडतं, कालवन करून."

पोरीच्या एका गोड "हो"वर या बाईने उद्या तिला कालवणाचा घास भरवला असता. उद्या नाही तर परवा. माझा कागद, माझा "म", माझ्या घड्या, सगळं एका बाजूला आणि ते "हो" एका बाजूला. मनूने माझा हात घट्ट दाबला, सांगू नको म्हणून. मी तिचा हात सोडवला.

"नाही खाल्लं तिने," मी म्हटलं. ओरडले नाही. ओरडायची ताकदच नव्हती. "आज नाही, काल नाही, एकदाही नाही. मांजरांना घालत होती. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणत होती. पहिल्या दिवशी जिभेला लावलं तर खाज सुटली तिला."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग मनूकडे. मनू हुंदके द्यायला लागली होती.

"मग तू काय खातव्हतीस बाय?"

"पोळी."

"कोरी?"



जिने उभ्या आयुष्यात दारात आलेल्याला न जेवता जाऊ दिलं नाही, त्या बाईच्या तोंडाकडे मला बघवेना. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, एकदा, दोनदा. मग उठल्या आणि आत गेल्या. मी मागून बघत होते. त्यांनी माझं छोटं पातेलं काढलं, राखेने घासलं, मग साबणाने घासलं. हात कोपरापर्यंत धुतले, नखं ब्रशने घासली. भात लावला. तो होईपर्यंत गॅससमोरून हलल्या नाहीत की कशाला हात लावला नाही. मग ताटलीत गरम भात, मीठ, तुपाची धार. ताटली घेऊन त्या मनूसमोर बसल्या, भात कालवला, पहिला घास केला आणि पुढे धरला.

"खा गो. लय भूक लागली असंल."

भूक तर लागलीच होती. पोर भाताकडे बघत होती, गिळत होती. पण तिने तोंड उघडलं नाही. ती थोडी मागे सरकली आणि माझ्याकडे वळली.

"मम्मी, हे खाऊ का?"

सासूबाईंचा हात तसाच पुढे राहिला. मी म्हणणार होते, अगं आजीने दिलंय, खा की. पण माझ्याही तोंडून ते निघेना. मी वाकले आणि त्यांच्या देखत, त्यांच्या बोटांतल्या घासाचा वास घेतला. तूप होतं, भात होता, साबणाचा वास होता.

"घे," सासूबाई म्हणाल्या. घास जराही हलू दिला नाही त्यांनी. "नीट घे वास. रोज घेत जा."

"खा मनू," मी म्हटलं, आणि मग तिने तोंड उघडलं.